तांदळाचा सेट आणि एक जुनी ट्यूब

गिऱ्हाईक काउंटरशी आलं की मी आधी त्याचा हात बघते, मग तोंड. तोंडाला माणूस काहीबाही फासून आलेलं असतं. हात बिचारा जसा असेल तसा असतो. पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मी एकतीस वर्षं उभी आहे. उभी म्हणजे खरोखरच उभी, कारण काउंटरमागे स्टूल आलं ते माझे गुडघे गेल्यावर. एवढ्या वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत चंदनाच्या पावडरी आल्या नि गेल्या, फळांचे फेशियल आले नि गेले, कोळसासुद्धा तोंडाला लावून झाला. सध्या तांदळाचे दिवस आहेत.

हा तांदूळ दुकानात आणला मनालीनं. मनाली म्हणजे आमच्या मालकांची सून. शिकलेली, हुशार, आणि माझं ऐकून घेणारी, म्हणून आमचं जमतं. एके दिवशी तिनं दर्शनी कपाटातला माझा बांगड्यांचा स्टँड हलवला आणि तिथे कोरियाहून आलेल्या पांढऱ्या बाटल्या मांडल्या. टोनर, सीरम, क्रीम, सगळ्यांवर तांदळाचं चित्र. मी म्हटलं, भात खाऊन आपण सुटलो ते कमी झालं म्हणून आता तोंडालाही लावायचा का. ती म्हणाली, "ताई, आधी महिनाभर वापरून बघा, मग बोला." माझा नियमच आहे की स्वतः वापरल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही. हा नियम मला जरा उशिरा सुचला, त्याची कथा पुढे येतेच आहे.

महिनाभर वापरलं आणि मुकाट्यानं मान्य केलं की वस्तू चांगली आहे. पण चांगली वस्तू चुकीच्या हातात गेली की वाईट ठरते, म्हणून बाहेरच्या माणसाला समजेल असं थोडं सांगते. त्वचेला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि तेल. तेलकट चेहऱ्याची मुलगी म्हणते, मला ओलाव्याची काय गरज? गरज असते. वर तेल आणि आत कोरडं असे चेहरे मी रोज बघते. दिवसभर एसीत बसणाऱ्या मुलींचे तर हमखास. शहराच्या कडेला, धायरी-वाघोलीकडे, टँकरचं जड पाणी. तोंड धुतलं की कातडी ताणल्यासारखी होते. अशांना तांदळाचा अर्क असलेलं पातळ पाणी, म्हणजे त्यांचा टोनर, फार छान मानवतं.

आमच्या काळचा टोनर म्हणजे झोंबणारं पाणी, कापसानं पुसायचं. त्या सवयीनं बायका हाही कापसावर ओततात आणि निम्मी बाटली कापसाला पाजतात. हा तळहातावर घ्यायचा, चेहरा ओलसर असतानाच थापायचा. मग सीरमचे दोन-तीन थेंब. आणि शेवटी क्रीम, हे विसरायचं नाही. क्रीम नाही लावलं तर वरचं पाणी उडून जातं आणि आपल्या पुण्याच्या कोरड्या हवेत चेहरा आधीपेक्षा जास्त ओढतो. मग बाई येऊन सांगते, तुमचं कोरियन काही कामाचं नाही. सकाळ असेल तर वरून सनस्क्रीन. पाच-सात बाटल्यांची आरास करायची काही गरज नसते. बहुतेकींना दोन पुरतात. हे मी मनालीसमोरही सांगते आणि ती तेवढ्यापुरती दुसरीकडे बघते.

विकत घेताना पुढचं चित्र बघू नये, बाटली उलटी करावी. मागे घटकांची यादी असते, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. पुढे ओंजळभर तांदूळ आणि मागे तांदळाचं नाव शेवटच्या ओळीत, असा माल सरळ परत ठेवावा. वासानं घमघमणारा माल नाजूक कातडीला देऊ नये. आयात करणाऱ्याचं लेबल आणि मुदत बघावी. आणि "यानं गोरं होतं का" असं विचारू नये. होत नाही. चेहरा तजेलदार दिसतो, मऊ लागतो, तुकतुकीत दिसतो. रंग आई-वडिलांनी दिलेला असतो, तो आमच्या दुकानात बदलून मिळत नाही.

पेठेतले एक निवृत्त शिक्षक भिंग घेऊन आले होते. पाऊण तास उभं राहून त्यांनी एका बाटलीवरचं सगळं वाचलं आणि म्हणाले, हेच तांदूळ धुतलेलं पाणी आमच्याकडे रोज सकाळी मोरीत जातं. मी म्हटलं, मग मोरी छान तुकतुकीत असेल. ते हसले नाहीत, पण बायकोसाठी छोटी बाटली घेऊन गेले. त्यांचं ऐकून त्यांच्या शेजारच्या बाईंनी घरीच ते पाणी करून फ्रिजमध्ये ठेवलं, चौथ्या दिवशी त्यांचे यजमान ते ताक समजून मीठ घालून प्यायले आणि आलं कमी पडलंय म्हणाले. घरचं पाणी वाईट नसतं, पण ते नासतं, आणि नासलेलं चेहऱ्याला लावलं की पुरळ येतं. वाघोलीचे एक जमीनवाले गृहस्थ तर बाहेर गाडी चालू ठेवून आत आले आणि म्हणाले, "जे सगळ्यात भारी हाय ते द्या, मंडळींचा वाढदिवस हाय." मंडळींची कातडी कशी आहे विचारलं तर म्हणाले, "रागीट हाय." त्यांना मी साधं क्रीम दिलं आणि पुढच्या वेळी मंडळींना घेऊन या म्हटलं.

हे सगळं ऐकून वाटेल की बाईला आपल्या ज्ञानाचा भारी तोरा. आहेच. त्या तोऱ्यातच मी प्राजक्ताला तो सेट दिला.

प्राजक्ताची आई, सुनंदावहिनी, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. राहायला धायरीत. गावात शेती होती तेव्हा दसरा-दिवाळीच्या खरेदीला पेठेत यायच्या. शेताच्या जागी इमारती आल्या तरी यायच्या थांबल्या नाहीत. नवरात्रात माझ्यासाठी घरच्या गाईच्या तुपाची बरणी आणणारी बाई. प्राजक्ताला मी आईचं बोट धरून येताना पाहिलं होतं. आता ती एका कंपनीत नोकरी करत होती आणि पाच आठवड्यांवर तिचं लग्न होतं, वाघोलीच्या घरात. तिला कोरियन मुलींसारखी काचेसारखी त्वचा हवी होती. सुनंदावहिनींना त्याहून साधं काही हवं होतं. मुलाकडच्या कुणीतरी मुलगी सावळी आहे असं म्हटल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

कुठल्याही नव्या गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारते, आजपर्यंत काय लावत होतात? त्या दिवशी तो विचारला नाही. घरचीच मुलगी, तिच्या घरात काय जातं ते मलाच तर माहीत. शिवाय मी माझ्या पद्धतीनं तपासणी केली होती. तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टोनर लावला, सीरम लावलं, वीस मिनिटं बसवून ठेवलं. काही झालं नाही, कातडी निरोगी. चेहरा हातापेक्षा बराच उजळ आणि किंचित गुलाबी दिसत होता, तेही मला खटकलं नाही. आमच्याकडच्या मुली दुचाकीवर सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळून फिरतात, हात मात्र उन्हात असतात. अशा दुरंगी मुली दिवसाला दहा तरी दिसतात. मी तीन बाटल्यांचा सेट दिला आणि सांगितलं, बाकीचं सगळं बंद कर, फक्त हे लाव. माझ्या मते मी अगदी शहाणपणाचा सल्ला दिला होता.

दहाव्या दिवशी दोघी पुन्हा आल्या. दुकानात चार-पाच बायका होत्या. प्राजक्ता कोपऱ्यात उभी राहिली, स्कार्फ काढेना. आईनं सांगितल्यावर काढला. गाल, हनुवटी, नाकाच्या बाजू, सगळं लालभडक, सुजलेलं, बारीक फोडांनी भरलेलं. नुसता पंख्याचा वारा लागला तरी आग होते म्हणाली. एक बाई हातातली बाटली तिथेच ठेवून निघून गेली. मनालीनं लगेच सांगितलं की पैसे परत देते, सेट ठेवून जा. सुनंदावहिनींना पैसे नको होते. तीन आठवड्यांवर लग्न होतं.

तांदळाच्या पाण्यानं असं होत नाही, एवढं मला कळत होतं. आणि तेव्हा मी तो प्रश्न विचारला, दहा दिवस उशिरा. आजपर्यंत काय लावत होतीस?

प्राजक्तानं पर्समधून एक पांढरी-गुलाबी ट्यूब काढली. "हीच लावायचे, रोज रात्री. तुम्ही सगळं बंद कर म्हणालात ना, म्हणून बंद केली. चार वर्षं लावतेय, कधीच काही प्रॉब्लेम नव्हता."

ती ट्यूब मी ओळखली. एके काळी ती आमच्याकडे, शेजारच्या मेडिकलमध्ये, अगदी किराणा दुकानातही मिळायची. खरं तर ते औषध. इसब-चट्ट्यांवर डॉक्टरांनी मोजके दिवस द्यायचं, स्टेरॉइडवालं. पण ती लावली की आठ दिवसांत चेहरा उजळायचा, आणि विक्रेता येऊन सांगायचा, ताई, ही दाखवायची गरजच नाही, नाव काढलं की खपते. खपायची. मग कातडी पातळ होत जाते, आणि ज्या दिवशी ट्यूब थांबते त्या दिवशी आतली सगळी आग वर येते. हे मला आमच्याकडे येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी चांगलं खडसावून सांगितलं, त्याला सात-आठ वर्षं झाली. त्याच आठवड्यात आम्ही ती ट्यूब ठेवणं बंद केलं. मला त्याचा केवढा अभिमान होता. पण ज्यांना ज्यांना विकली होती त्यांच्यापैकी एकीलाही मी बोलावून सांगितलं नव्हतं. दुकानानं ट्यूब सोडली, बायकांनी थोडीच सोडली? त्या मेडिकलमधून घेत राहिल्या. आईच्या ड्रॉवरमधली ट्यूब मुलीनं उचलली, आणि आईला ती पहिल्यांदा कुणी दिली होती?

हात बघून मी चेहऱ्याचा निकाल दिला होता, आणि हाताला तर तिनं ती ट्यूब कधी लावलीच नव्हती.

सुनंदावहिनी काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, परत ट्यूब लावली तर बसंल न्हवं हे? लग्नापुरती लावू द्या. एकदा फोटू निघालं की टाकती म्हणावं."

बसलं असतं. दोन-तीन दिवसांत बसलं असतं, हे मला माहीत होतं आणि तेच खरं अवघड होतं. मी मान हलवली असती तर मुलगी लग्नात गोरीपान दिसली असती, दुकानाचं नाव राहिलं असतं, बरणीभर तूपही येत राहिलं असतं. मुलीचा चेहरा मात्र जन्माचा त्या ट्यूबला बांधला गेला असता. प्राजक्ता माझ्याकडे बघत होती. मनाली बघत होती, उरलेल्या बायकाही बघत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, ही ट्यूब तुम्हाला मी दिली होती. याच काउंटरवरून. चुकलं माझं. आता हिला परत लावू नका."

"तुमीच दिली," त्या म्हणाल्या, "आन् आता तुमीच नको म्हणताय."

"हो."

मग प्राजक्तानंच ट्यूब उचलली आणि माझ्या समोर ठेवली. म्हणाली, "मम्मी, लग्न एक दिवसाचं आहे. मला हा फेस रोज धुवायचाय."

त्याच संध्याकाळी मी त्यांना घेऊन त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला तिथे जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही. प्राजक्ताला मात्र त्या फार प्रेमानं बोलल्या. औषध दिलं, सौम्य साबण, बिनवासाचं साधं क्रीम आणि सनस्क्रीन. तांदूळबिंदूळ सगळं सध्या बंद, पुढे कातडी सावरली की बघू. हळद, बेसन, फेशियल, ब्लीच, चेहऱ्याला काही म्हणता काही नको. लग्नापर्यंत आग थांबेल, लाली पूर्ण जाईलच असं नाही. बाहेर आल्यावर सुनंदावहिनींनी एकच अट घातली. वाघोलीला यातलं अवाक्षर कळता कामा नये. सावळी म्हणतच होते, आता रोगी म्हणतील. मी वचन दिलं, कारण त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

रोज दुपारी प्राजक्ता मला चेहऱ्याचा फोटो पाठवायची. पहिले आठ दिवस बघवत नव्हते. जेवताना तो फोटो आला की घास उतरायचा नाही. मग सूज गेली. मग फोड सुकले. तिसऱ्या आठवड्यात आग थांबली, लाली गालांवर राहिली. लालीखालून तिचा स्वतःचा रंग दिसायला लागला, आईसारखा, छान गव्हाळ. चार वर्षांत तो कुणी पाहिला नव्हता. मला तो आवडला आणि मी तसं तिला कळवलं.

हळदीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. धायरीच्या घराच्या गच्चीवर मांडव होता. सुनंदावहिनींनी बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं की पोरीचं फेशियल केलंय, तोंडाला हळद लावू नका. घरच्या बायकांनी ऐकलं. पण मग वाघोलीहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन विहीणबाई आल्या. अंगानं भरलेल्या, मोठ्या आवाजाच्या, कमरेला पदर खोचलेल्या. नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीला लावायची तर ती कशी लावतात, पायांपासून वर. आंब्याच्या पानांनी पाय झाले, गुडघे झाले, खांदे झाले. मग त्यांनी पानं बाजूला ठेवली, वाटीत पंजा बुडवला आणि दोन्ही गालांना माखायला हात उचलला. प्राजक्तानं डोळे गच्च मिटून घेतले. मांडवात शंभर माणसं होती. मी वचन दिलेलं होतं, जागची हलू शकत नव्हते.

सुनंदावहिनींनी तो हात मनगटाला धरला.

"तोंडाला नको, इहीणबाई. फेशियल न्हाई काय न्हाई. गोरं व्हायच्या ट्यूबनं पोरीचं तोंड जळलंय. दवाखाना चालू हाय. म्या तुमास्नी लपवलं."

सुनंदावहिनींनी मनगट सोडलं नाही. विहीणबाईंनी वाकून प्राजक्ताचे गाल जवळून पाहिले, अगदी नाकाला नाक लागेपर्यंत. मग त्या खाली बसल्या आणि पंजातली सगळी हळद त्यांनी पुन्हा तिच्या पावलांना लावली, सावकाश, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. "आधी सांगायचं की," एवढंच म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

जेवणाच्या पंगतीत त्या मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसल्या. दुकानवाल्या ताई त्या तुम्हीच का, असं विचारलं. इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई इतकं हळू बोलू शकते असं मला वाटलं नव्हतं.

"ती ट्यूब गुलाबी टोपनाची का वो? माझ्याकडं हाय. अकरा वर्सं लावतीया. सोडली की आग हुती, म्हून परत लावती."

मी त्यांना सांगितलं, एकदम बंद करू नका, आपल्या मनानं काहीच करू नका, सोमवारी दुकानात या, आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढायला लावली.

लग्न पार पडलं आणि सोमवारी अकराच्या सुमाराला विहीणबाई आल्या. एकट्या नव्हत्या. हळदीला ज्या बायका मांडवात बसल्या होत्या त्यांतल्या सहाजणी सोबत होत्या. धायरीच्या चार, वाघोलीच्या दोन. दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मनाली खुशीत पुढे झाली आणि म्हणाली, "ताई, किती सेट काढू?" तेवढ्यात पहिलीनं पिशवीतून ट्यूब काढून काउंटरवर ठेवली, मग दुसरीनं, मग तिसरीनं. सात ट्यूब झाल्या. मी मनालीला म्हटलं, "सेट राहू दे. तीन रिक्षा बोलाव, आणि माझी पर्स दे. मी आज अर्ध्या दिवसाची रजा घेतेय."